चार विमानांचं एकच कार्ड

फ्लाइंग क्लबच्या मैदानावर सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणायचे. छोट्या विमानांची होकायंत्रं तपासण्यात तिची एकवीस वर्षं गेली होती. ही नोकरी मामांनी लावून दिली होती. क्लबच्या विमानांची देखभाल त्यांच्याच हाताखाली होती आणि ते चारचौघांत हे ऐकवायला कधी विसरत नसत.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी ती कामावर आली, तेव्हा मामांनी क्लबच्या सभासद असलेल्या एका दंतवैद्याच्या विमानाचं होकायंत्राचं कार्ड पुढे केलं. म्हणाले, सही कर. होकायंत्र कुठल्या दिशेला किती अंश चुकतं ते दर तीस अंशांवर मोजायचं, कार्डावर लिहायचं आणि कार्ड यंत्राशेजारी लावायचं, असा नियम. तिने आकडे वाचले. अक्षर तिचंच होतं. कोपऱ्यात तिच्याच तेलकट अंगठ्याचा ठसा, झेरॉक्समध्ये जसाच्या तसा. पण हे आकडे तिने ज्या जुन्या विमानासाठी लिहिले होते, ते तर केव्हाच भंगारात गेलं होतं. तिने बाकीच्या तीन विमानांत डोकावून पाहिलं. तिच्या रजेत लावलेल्या तिथल्या कार्डांवरही तोच अंगठा.

सही न करता तिने स्वतः मोजायला घेतलं. दंतवैद्याचं विमान बाहेर काढून, इंजिन आणि रेडिओ चालू ठेवून ते दिशादिशांना फिरवलं. होकायंत्रातला द्रव गळून निम्म्यावर आला होता, आत रॉकेलसारखा वास कोंडला होता. चूक दहा अंशांच्या आत हवी. इथे पश्चिमेला ती सव्वीस निघाली. होकायंत्राच्या खालीच मोबाईल अडकवायचा लोहचुंबकी स्टँड चिकटवलेला होता. तो उपटला, तरी चौदा.

मामा दात कोरत आले. "अगं, हल्ली होकायंत्राकडे बघतं कोण? मोबाईल असतो सगळ्यांकडे."

"मग माझी सही कशाला लागते, मामा?"

तुला इथे कोणी आणलं, ते त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. ते ऐकताना तिला अंगावर कोणीतरी थुंकल्यासारखं वाटलं. तिने विमानाच्या नोंदवहीत 'उड्डाणास अयोग्य' असं लिहून सही ठोकली, चारही कार्डं पाकिटात घातली आणि स्वतः सरकारी विमान-निरीक्षकांच्या कार्यालयात नेऊन दिली.

चारही विमानं दीड महिना जमिनीवर राहिली. मामांचं पद गेलं. नातेवाइकांत ती कृतघ्न ठरली. नावापुरती माफी माग, असं आईनेही फोनवर सुचवलं. तिने फोन ठेवून दिला.

दंतवैद्य त्या विमानातून बायको-मुलीला फिरवायचा. त्याचा एकच निरोप आला: माझा मोबाईलचा स्टँड कुठे टाकलात?