यारोची बाटली

झाडाला विचारल्याशिवाय पान न तोडणारा आणि माणसाला न विचारता त्याची जीभ तपासणारा गृहस्थ मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तो शारजात आमच्या बिल्डिंगचा चौकीदार होता. तिकडे चौकीदाराला नातूर म्हणतात. मी पुण्याला फोनवर आईला म्हटलं, "काळजी करू नकोस, खाली नातूर असतात," तर ती खुलून म्हणाली, "कुठले नातू? गुहागरचे का?" आमचा नातूर घानाच्या उत्तरेकडचा, दारातून वाकून आत यावं लागेल इतका उंच, आणि बापजाद्यांपासून झाडपाल्याचा वैद्य. गावी त्याच्या अंगणात पहाटेपासून रोगी बसायचे म्हणे. मग इथे चौकीदारी कशाला, असं विचारलं की तो गंभीरपणे सांगायचा, "साब, उधर सब लोग अच्छा हो गया."

आमच्या रस्त्याला कडुलिंबाची रांग होती. त्यातल्या एका झाडापुढे हा रोज सकाळी टोपी काढून उभा राहायचा, काहीतरी पुटपुटायचा, उत्तराची वाट पाहायचा आणि मगच डहाळी मोडायचा. कधी हात हलवत परत यायचा. "आज नहीं बोला." त्याच्या हौसा भाषेत कडुलिंबाला 'डोगोन यारो' म्हणतात, म्हणजे उंच पोरगा. हे झाड मूळचं आमचं, हिंदुस्थानातलं, असं मी त्याला ठणकावून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "तो क्या हुआ साब? इंडिया का लडका घाना में नौकरी करता है. तुम भी इधर करता है." त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव यारो पडलं, आणि माझी बायको सुधा त्याला यारोभाऊ म्हणू लागली.

लिफ्टची वाट बघत कुणी उभं राहिलं की यारोची आज्ञा सुटे, "टंग!" जीभ पाहून झाली की डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचा आणि मग दुखण्याबद्दल चकार शब्द न काढता विचारायचा, "घर में किससे झगडा?" आमच्या वरच्या मजल्यावरच्या एका इंजिनिअरला त्यानं पोटदुखीवर औषध म्हणून भारतातल्या भावाला फोन करायला सांगितलं. पोटाचं पुढे काय झालं ठाऊक नाही, पण भाऊ महिनाभर राहायला आला.

खोकल्याचा काढा तो सरबताच्या जुन्या बाटलीतून द्यायचा. शारजात दारूबंदी, त्यामुळे ती तपकिरी बाटली मी वर्तमानपत्रात गुंडाळून वर न्यायचो, आणि मग ती जास्तच दारूसारखी दिसायची. यारोचा नियम एकच. औषधाला थँक्यू म्हणायचं नाही आणि त्याच्या बदल्यात काही द्यायचं नाही. "थँक्यू बोला, दवा खलास." सुधाचाही नियम एकच. कुणाचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. ती बाटलीत कोकम सरबत भरून पाठवायची, तो जिने चढून ते परत आणायचा.

"मादाम, मेरा दवा मर जाएगा."

"आणि रिकामी बाटली दिली तर माझ्या घराचं काय होईल, यारोभाऊ?" सुधा त्याच्याशी मराठीतच बोलायची, आणि तो ते समजल्यासारखं ऐकायचा.

शेवटी तह झाला. सुधानं बाटलीत चिमूटभर साखर घालावी आणि यारोनं ती मुंग्यांना घालावी. मुंग्यांनी नेलं तर ते देणं होत नाही, हे दोघांनाही पटलं. पाडव्याचा कडुलिंब तोच आणून द्यायचा. आमची शाळकरी मुलगी पान चावून "इट्स डिस्गस्टिंग!" म्हणत वेडीवाकडी तोंडं करायची आणि हा दारात उभा राहून पोट धरून हसायचा.

एका उन्हाळ्यात सुधाची भूक गेली. पोटात दुखे, ते पाठीपर्यंत जाई. सवयीनं तिनं खाली जाऊन जीभ दाखवली. यारोनं पापणी ओढून पाहिली आणि त्या दिवशी झगडा कुणाशी ते विचारलं नाही. तिच्याबरोबर वर आला आणि मला म्हणाला, "साब, ये पत्ते का काम नहीं. हॉस्पिटल. टुडे."

सुधानं काढा मागितला. तो म्हणाला, "नो, मादाम."

आम्हा आखातातल्या लोकांची एक रीत होती. दात, चष्मा, रक्ततपासणी, सगळी दुखणी वार्षिक सुट्टीसाठी राखून ठेवायची. पुण्यात आपला डॉक्टर, आपली भाषा. सुट्टी दीड महिन्यावर आली होती, तिकिटं काढून झाली होती. "तिकडे गेल्यावरच दाखवू," मी म्हणालो, आणि सुधानं नेहमीप्रमाणे मान डोलावली. यारो रोज लिफ्टपाशी विचारायचा, "हॉस्पिटल?" मी "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणत आत शिरायचो.

पुण्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि मला विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" भोवती सासरमाहेरची माणसं होती. मुलीनं माझा हात धरला होता. मी म्हणालो, "तिकडे एक आफ्रिकन माणूस हिला झाडपाल्याचं काहीबाही द्यायचा."

वाक्य खोटं नव्हतं. खोकल्यावर तो द्यायचाच. पण त्या वाक्यानं माझ्यावरच्या सगळ्या नजरा उचलल्या आणि दूर शारजातल्या एका चौकीवर नेऊन ठेवल्या. मी त्या तिथेच राहू दिल्या. सुधा काही आठवड्यांत गेली.

माझं वाक्य माझ्याआधी शारजात पोचलं होतं. मी परतलो तेव्हा चौकीत दुसराच माणूस बसला होता. मालकाकडे तक्रार गेली होती, यारोला घानाला परत पाठवलं होतं. तक्रार कुणी केली हे मी विचारलं नाही. त्याचा पत्ताही कुणाकडे नव्हता. स्वयंपाकघरात ओट्यावर त्याची बाटली होती, सुधानं निघण्यापूर्वी धुऊन उपडी घातलेली.

गेल्या पाडव्याला मी मुलीकडे होतो. ती आता अबूधाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत राहते. गुढी होती, श्रीखंड होतं, कडुलिंब नव्हता. नातवानं कारण विचारलं, तेव्हा ती सहज म्हणाली, "बिकॉज युअर आजी डाइड ऑफ दोज लीव्ह्ज."

मी डोक्यावर टोपी, पायांत चपला घालून खाली गेलो. रस्त्याच्या कडेला कडुलिंब होता. टोपी काढून उभा राहिलो. मी कुणाच्या ओळखीचा आहे ते झाडाला सांगितलं. झाड काही बोललं नाही, पण थोडा वेळ थांबून मी डहाळी मोडली आणि वर येऊन मुलीच्या हातात दिली.

"यारोनं आईला त्या दुखण्यावर एक थेंबही दिला नव्हता," मी म्हणालो. "तो हॉस्पिटलात न्या म्हणाला होता. मी नेलं नाही."

ती कितीतरी वेळ डहाळीची पानं खुडत राहिली.

"यू न्यू, बाबा? ऑल दीज इयर्स?"

"हो."

"काय म्हणाला होता तो, नक्की?"

"टुडे म्हणाला होता."

तिनं एक पान तोंडात घातलं. तोंड वाकडं केलं नाही.

बाटली माझ्याकडे पुण्यात आहे. औषधाला थँक्यू म्हणू नये, हे यारोनं आम्हाला पक्कं शिकवलं होतं. माफी मागितली तर काय खलास होतं, ते मात्र त्याला विचारायचं राहून गेलं. अधूनमधून मी बाटलीत चिमूटभर साखर घालून ती खिडकीत आडवी ठेवतो. मुंग्या येतात, आणि नेतात.