मेल्विनाचं मानाचं झाड

मेल्विना नातोमागनला नदीची वाट विचारायची गावात कुणाची टाप नव्हती. वाट ती बिनचूक सांगे, पण तिच्या झाडाची गोष्ट ऐकवल्याशिवाय सोडत नसे. गोष्ट खरी होती, ही त्यातली अडचण.

गर्जना धबधब्यापाशी होडी पाण्यातून काढून डोक्यावर घ्यावी लागते आणि जंगलातून पलीकडच्या तळ्यापर्यंत चालत न्यावी लागते. मेल्विना ऐन विशीत असताना वडील वाटेत आजारी पडले, तेव्हा तिने होडी नेली, परत येऊन त्यांचं ओझं नेलं आणि मग त्यांनाही आधार देत नेलं. बरोबरच्या पुरुषांनी काठावरच्या सगळ्यांत उंच स्प्रूसच्या झाडावर चढून मधल्या फांद्या छाटल्या, शेंड्याचा तुरा तेवढा ठेवला. कॅनडातल्या आम्हा क्री लोकांत असं झाड एखाद्याच्या नावाने करतात. ते दुरून वाट दाखवतं आणि त्या माणसाचा मानही राखतं. ज्याचं झाड त्याने सगळ्यांचं तोंड गोड करायचं, अशी रीत आहे. मेल्विनाने होती नव्हती ती सगळी साखर चहात ओतली होती.

गेल्या उन्हाळ्यात त्या बाजूला वणवा लागला. यंदा गावातल्या मुलींना होड्यांतून मेळाव्याला न्यायचं ठरलं, तेव्हा पंचायतीतले लोक म्हणाले की ती वाट आता उरली नसेल, मुलींना ट्रकने पाठवू. मेल्विना भर सभेत उठली. "माझं झाड उभं आहे तिथं. वाट हरवेल कशी?" शेवटी तिने हॅरिएटला घेऊन पुढे जाऊन बघायचं ठरलं. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत निरोप आला तर मुली पाण्याने, नाहीतर ट्रकने. ज्या मुली एकदा ट्रकने जातील त्या पुन्हा होडीत बसणार नाहीत, हे मेल्विनाला पक्कं ठाऊक होतं.

हॅरिएट बर्ड तिची जिवाभावाची मैत्रीण आणि आत्याची मुलगी. आमच्यात मामा-आत्याच्या मुलींना एकमेकींची टिंगल करायचा जन्मसिद्ध हक्क असतो, आणि हॅरिएटने तो हक्क कधी गंजू दिला नव्हता. होडीत मेल्विना मागे बसून दिशा धरी, हॅरिएट पुढे बसून पाणी ओढी. काठ आला की पुढच्याने पाण्यात उडी टाकून होडी धरायची. त्यामुळे मेल्विनाचे बूट कायम कोरडे आणि हॅरिएटचे कायम ओले.

तिसऱ्या दिवशी सकाळीच वारा सुटला. दोघींनी रीतीप्रमाणे पाण्याला चिमूटभर तंबाखू वाहिली आणि धबधब्याअलीकडचं मोठं तळं पार करायला घेतलं. लाटा होडीत येत होत्या. हॅरिएट मध्येच वल्हं टाकून डब्याने पाणी उपसायची आणि पुन्हा वल्हं उचलायची. मेल्विनाने होडीचं तोंड एकदाही लाटेला आडवं होऊ दिलं नाही. पलीकडचा काठ जवळ आला तेव्हा सगळीकडे जळक्या झाडांचे काळे खांब उभे होते. त्यात एकच झाड उंच, मधे उघडं आणि डोक्यावर तुरा.

"ते बघ," मेल्विना म्हणाली. "काय सांगत होते मी?"

हॅरिएटने डोळ्यांवर हात धरला. "तुझं झाड बारीक झालंय गं."

"म्हातारपणी होतात सगळे."

"तू कुठं झालीस?"

मेल्विनाने होडी सरळ त्या झाडाखाली नेली.

मग जे झालं ते मेल्विनाने पुढे कुणाला फारसं सांगितलं नाही. दोघी ओझी घेऊन जळक्या ओंडक्यांवरून चढत-उतरत गेल्या, नाकातोंडात राख, मानेवर चावऱ्या माश्या. पुढची वाट झाकली गेली असेल असं मेल्विना म्हणत राहिली, आणि शेवटी दोघी गुडघाभर दलदलीत जाऊन उभ्या राहिल्या. परत येऊन तिने झाडाचा बुंधा न्याहाळला. कुऱ्हाडीची एकही खूण नव्हती. मधल्या फांद्या आगीने खाल्ल्या होत्या.

"आगीनं कुणाला मान दिला कोण जाणे," हॅरिएट म्हणाली.

एरवी मेल्विनाने सव्याज परतफेड केली असती. आज तिने नुसतं चहाचं आधण ठेवलं. सगळा काठ सारखाच काळा दिसत होता आणि वाऱ्यात धबधब्याचा आवाज कुठून येतो तेही कळत नव्हतं. इतकी वर्षं ती शेंड्याकडे बघत आली होती, खाली काय आहे ते बघायची तिला कधी गरजच पडली नव्हती. चहा निवाला तेव्हा ती म्हणाली, "हॅरिएट, वाट कुठं आहे ते मला नाही कळत."

हॅरिएटने यावर थट्टा केली नाही. तिने बूट काढले, मोजे काढले आणि पाण्यात उतरली. "तू मागून होडी आण. वाट सुरू होते तिथं पाण्याखाली एक सपाट दगड आहे, तिरका. त्याच्यावरून मी इतक्यांदा आपटलेय की माझे पाय त्याला विसरायचे नाहीत."

"कसला दगड?"

"तुला कसा माहीत असेल? तू पाण्यात पाय घातलायस कधी?"

ती काठाकाठाने चाचपडत निघाली. पाणी बर्फासारखं होतं. एक वळण गेलं, दुसरं गेलं, ऊन उतरायला लागलं. मेल्विना मागून होडी आणत होती आणि या बाईचे पाय आता सुन्न झाले असणार, या काळजीने अर्धी झाली होती. एवढ्यात हॅरिएट धाडकन छातीभर पाण्यात बसली.

"सापडला," ती म्हणाली.

दगडाच्या वरच्या काठावरच मेल्विनाचं झाड आडवं पडलं होतं, शेंडा पाण्यात. छाटलेल्या फांद्यांचे खुंट कोळसा झाले होते. मेल्विना त्याच्यापाशी बसली, एका खुंटावर हात ठेवला आणि रडली. रडू तिने लपवलं नाही. ज्याचं झाड पडतं त्याचे दिवस भरतात, असं जुनी माणसं म्हणायची, तेही तिला आठवलं असणार.

"झाड पडलं, तू उभी आहेस," हॅरिएट म्हणाली. मग तिच्याकडे बघून, "बरं, बसलीयस. ऊठ, नाहीतर म्हाताऱ्यांचं खरं व्हायचं."

तिने मुलींसाठी खूण म्हणून डोक्याचा लाल रुमाल दगडासमोरच्या खांबाला बांधला. मेल्विना डोळे पुसेपर्यंत तिने होडी उलटी करून खांद्यावर घेतलीही होती. होडी आजवर मेल्विनानेच उचलली होती, पण दुसऱ्याने एकदा उचललेली होडी मागायची नसते. मेल्विनाने दोघींच्या ओझ्याची पट्टी कपाळावर घेतली, हातात कुऱ्हाड घेतली आणि पुढे झाली. आगीने शेवाळ जाळलं होतं आणि आज्या-पणज्यांच्या पायांनी खोल गेलेली वाट जमिनीत पन्हळीसारखी उघडी पडली होती. आडवे ओंडके तोडत त्या चालल्या. हॅरिएटच्या पिशवीतलं काहीतरी मेल्विनाच्या पाठीला सारखं टोचत होतं, त्याबद्दल ती वाटभर कुरकुरली.

पलीकडचं तळं वणव्यातून वाचलं होतं, हिरवंगार. हॅरिएटने होडी उतरवली आणि तिथेच आडवी झाली. मेल्विनाने आपल्या लेकीने दिलेल्या, उपग्रहावरून निरोप धाडायच्या यंत्रावर लिहिलं, "वाट आहे. मुली पाण्याने पाठवा. खूण लाल रुमाल." मग कुऱ्हाड कमरेला खोचून ती काठावरच्या उंच स्प्रूसवर चढायला लागली.

"खाली उतर, साठी उलटलीय तुझी," हॅरिएट ओरडली. "एक पडलं म्हणून लगेच दुसरं हवंय होय?"

मधल्या फांद्या एकेक करून खाली येत राहिल्या. हॅरिएट आधी हसत होती, मग उठून बसली, मग नुसती बघत राहिली. मेल्विना खरचटलेल्या हातांनी खाली आली तेव्हा वर फक्त तुरा उरला होता.

"आता खाऊ काढ," ती म्हणाली. "ज्याचं झाड त्यानं द्यायचा."

"माझ्याकडं काय आहे?"

"पीचचा डबा आहे. दिवसभर टोचतोय मला."

हॅरिएटने डबा काढला. तो उघडायला तिला बराच वेळ लागला, कारण ती वरच बघत होती. "मुली विचारतील गं," ती शेवटी म्हणाली, "हे झाड कुणाचं म्हणून."

"मग सांग त्यांना," मेल्विना म्हणाली. "रोज सांग. इतकी वर्षं मी सांगितलं, आता मी ऐकते."