धोंडीराम बूथवाल्याचा कान

तर सविता तिकडून नुसती हुंदके देत होती, तिथवर काल आपण आलो होतो. मग चहा आला आणि गोष्ट तुटली.

फोन नामपूरहून. बोलणं एक नाही. मागं सासरचं कुणीतरी माणूस उभं असणार. दुसरा कुणी असता तर "कोण बोलतंय, कोण बोलतंय" करून त्यानं फोन आपटला असता. बूथवरचा धोंडीराम पगारे म्हणाला, "कुसाबाईची सविता ना? ठेव बाळ फोन. सांगतो घरी." सायकल काढली आणि थेट मोतीरामच्या मळ्यात. मोतीराम म्हणजे कुसाबाईचा नवरा, सविताचा बाप. त्यानं हातातलं खुरपं वाफ्यातच टाकलं, मिळेल त्या गाडीनं नामपूर गाठलं आणि दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन आला. सविता आज ओझरला शिवणाचे क्लास घेते. दिवाळीला धोंडीरामला सदरा शिवून धाडते, तो दरवेळी त्याला आखूड होतो आणि दरवेळी तो घालतो.

त्या दिवसापासून सायखेड्यात म्हणायला लागले, धोंडीरामचा कान म्हणजे कान आहे. हुंदक्यावरून माणूस ओळखतो.

आजच्या पोरांना बूथ म्हणजे काय ते सांगावं लागतं. स्टँडाजवळ पत्र्याची पिवळी खोली, आत काचेची पेटी, लाल आकडे पळणारं मीटर. गावात फोन मोजके, म्हणून बाहेरगावी गेलेली माणसं बूथवरच फोन करायची. "काका, घरच्यांना बोलवा, दहा मिनिटांनी परत लावतो." धोंडीराम सायकलवरून हाक मारून यायचा. पण त्याची खरी गंमत वेगळी होती. तो समोरच्याला नाव सांगूच द्यायचा नाही. तिकडून नुसतं "हॅलो, ओळखलं का?" यायचा अवकाश, हा म्हणायचा, "ज्ञानेश, अरे न ओळखायला काय झालं?" परमुलखात राबणाऱ्या माणसाला आपलं नाव असं अचानक ऐकू आलं की त्याचं अर्धं दुखणं तिथंच उतरायचं. मुंबईहून, सुरतहून पोरं मुद्दाम नाव न सांगता फोन करायची. मी समोरच्या बाकावर बसून हे किती वेळा ऐकलं असेल त्याला हिशेब नाही.

पुढं हाताहातांत मोबाइल आले आणि बूथ बंद झाला. पत्र्याच्या खोलीत धोंडीरामनं काही वर्षं रिचार्ज विकले, मग तेही गेलं. पण सवय गावाची सुटली नाही. कुणाला फोनमधलं काही कळलं नाही की तो धोंडीरामच्या ओट्यावर यायचा.

लताबाई तर नेहमीचीच. धोंडीरामच्या शेजारचं घर तिचं. नवरा लवकर गेला. शाळेत खिचडी शिजवून तिनं एकुलता सनी वाढवला. सनी हैदराबादला एसी बसवायच्या कामाला गेला आणि इकडं लताबाईला ऐकू कमी यायला लागलं. समोर बसून मोठ्यानं बोललं तर कळायचं, फोनमधलं मात्र काही म्हणजे काही नाही. सनीनं कानाचं मशीन आणून दिलं, तर म्हणे त्यात पंख्याचाच आवाज जास्त येतो. ते डब्यात गेलं. मग दर रविवारी संध्याकाळी ती फोन घेऊन ओट्यावर यायची. धोंडीराम फोन कानाला लावायचा आणि सनीचं बोलणं तिला मोठ्यानं सांगायचा.

"म्हणतो, जेवली का?"

"जेवले म्हणावं. तू काय खाल्लं?"

"म्हणतो, अंडाकरी."

"रोज अंडाकरी? त्याला म्हणावं, भाजी खात जा. तोंडावर फोड येत्यात त्याच्या."

"सनी, तोंडावर फोड आहेत का रे? हसतोय, लताबाई."

आणि मग लताबाई हसायची. तिकडं पोरगं हसलं की इकडं आई हसायची, मध्ये धोंडीराम. असं चार वर्षं चाललं.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. कांद्याची लागण चालू होती, सगळे रानात, दुपारी गावात माणूस नव्हतं. मी आणि धोंडीराम ओट्यावर बसलेलो. लताबाई फोन हातात धरून धावतच आली. "भाऊ, बघा तर, कुणीतरी रडतंय वाटतं. नंबर नवा हाय."

धोंडीरामनं फोन घेतला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. पोरगं खरंच रडत होतं. "हॅलो... ओळखलं का मला?"

आणि धोंडीराम म्हणाला, "सनी? अरे न ओळखायला काय झालं? काय झालं बाळा?"

झालं. त्या पोराला फक्त "हो काका, सनीच" एवढं म्हणायचं राहिलं होतं. त्यानं ते म्हटलं.

पुढचं तुम्ही पेपरात वाचता तसंच. गाडी चालवताना माणूस उडवला, माणूस दवाखान्यात, माझा फोन पोलिसांनी घेतला, हा मित्राचा नंबर. जुन्या नंबरवर फोन करू नका, पोलीस उचलतील. घरात कुणाला सांगू नका. मग दुसरा एक भारदस्त आवाज आला, तो वकील. म्हणाला, तासाभरात पैसे भरले तर केस होणार नाही. मराठी त्यांची हिंदीमिश्रित होती. धोंडीरामनं माझ्याकडं बघून हळूच म्हटलं, "हैदराबादला राहून पोराची भाषा बिघडली." मी मान डोलावली. हे मी लपवत नाही. त्या ओट्यावर दोन म्हातारे होते आणि दोघांनाही शंका आली नाही.

लताबाईनं धोंडीरामचा हात धरला. एकच विचारलं, "भाऊ, सनीच हाय ना?"

"सनीच आहे, लताबाई."

तिनं पुढं काही विचारलं नाही. ट्रंकेतून पासबुक काढलं. घरावर स्लॅब टाकायला तिनं खिचडीच्या पगारातून जमवलेले आणि सनीनं धाडलेले, असे एक लाख ऐंशी हजार होते. आम्ही तिघं बँकेत गेलो. तिथं पल्लवी म्हणून एक तरुण मुलगी बसते. फॉर्म बघून ती थांबली.

"काका, हे खातं तर तिसऱ्याच माणसाच्या नावावर आहे."

"वकिलाचं आहे."

"एकदा मुलाच्या नेहमीच्या नंबरवर फोन लावून बघा ना. दोन मिनिटांचं काम आहे. असे लय प्रकार चाललेत."

आता धोंडीरामला हा अपमान वाटला. तो म्हणाला, "पोरी, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी या गावाचे आवाज ओळखतोय."

पल्लवीनं लताबाईकडं बघितलं. "मावशी, तुम्ही काय म्हणता?"

लताबाई म्हणाली, "भाऊ म्हणतात ना, मग झालं." आणि सही केली.

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा लताबाईच्या फोनवर सनीचा नेहमीचा नंबर वाजला. रविवार नव्हता, पण कामावरून लवकर सुटला म्हणून त्यानं सहज केला होता. धोंडीरामनं फोन उचलून कानाला लावला. तिकडून आलं, "जयभीम काका. आई आहे का?"

धोंडीरामनं फोन कानावरून काढून वरचं नाव बघितलं. मी त्याचा चेहरा बघत होतो. सनीनं फोन केला की आधी तो जयभीम घालतो. चार वर्षांत एकदा चुकला नाही. दुपारच्या पोरानं जयभीम घातला नव्हता. हे धोंडीरामच्या कानाला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि कानाला कळलंही होतं, असं तो नंतर म्हणाला. पण नाव तोंडातून निघून गेलं होतं. एकदा नाव दिल्यावर जे जे खटकलं त्याला तोच कारणं शोधत बसला. रडतोय म्हणून विसरला असेल. घाबरला म्हणून हिंदी बोलत असेल.

"काका, ऐकू येतंय ना?" सनी विचारत होता.

धोंडीरामनं दुपारचं सगळं सांगितलं, तेव्हा सनीनंच तिकडून सांगितलं, एकोणीसशे तीसला, फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी नंबरला फोन लावा, आत्ताच्या आत्ता. तो लावला. दुसऱ्या दिवशी नाशकाला जाऊन सायबर पोलिसांत तक्रारही दिली. पैसे भरल्या भरल्या ते चार ठिकाणी वाटले गेले होते. तीसेक हजार कुठंतरी अडकवता आले, ते मिळतील म्हणतात. पैसे भरल्यावर दोन तासांच्या आत फोन केला असता तर जास्त अडले असते, असं तिथल्या बाई म्हणाल्या. त्यांनी नुसती माहिती दिली, पण धोंडीराम तिथंच खाली बसला.

लताबाई त्याला एक शब्द वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

धोंडीरामनं मात्र फोन कानाला लावणं बंद केलं. स्वतःचाही वाजला की बायकोकडं द्यायचा. रविवारी लताबाई ओट्याशी आली तर हा आत निघून गेला. दुसऱ्या रविवारी ती दारात आली, तेव्हा आतूनच म्हणाला, "माझा कान गेला, बाई. दुसऱ्या कुणाकडून ऐका." तिसऱ्या रविवारी ती आली नाही. दुसरं कोण होतं तिला? पलीकडच्या घरची सून कधीमधी ऐकून सांगायची, पण तिला स्वयंपाक, पोरं. "बरा आहे म्हणतो" एवढं सांगून ती फोन परत द्यायची. अंडाकरी नाही, फोड नाहीत, हसणं नाही.

फेब्रुवारीत मी एकदा त्याच्याकडं मुद्दाम गेलो. म्हटलं, "धोंडीराम, चूक कुणाकडून होत नाही? सविताचे हुंदके ओळखणारा तू."

तो म्हणाला, "आप्पा, ते हुंदके मी ओळखलेच नव्हते."

"म्हणजे?"

"त्या आठवड्यात कुसाबाई तीनदा बूथवर येऊन गेली होती. माझ्या सविताचा फोन आला का, माझ्या सविताचा फोन आला का. मग रडणारी बाई दुसरी कोण असणार? अंदाज होता तो. कोण कुठं गेलंय, कुणाचं कुठं बिनसलंय, एवढं मला माहीत असायचं. गावानं त्याला कान म्हटलं. मी गप्प बसलो. बरं वाटायचं ना."

पंचवीस वर्षं ती गोष्ट मीच गावभर सांगितली होती.

"आणि हे पण तसंच झालं," तो म्हणाला. "लताबाईच्या फोनवर पोरगं रडतंय, मग सनीच असणार. त्या भामट्याला सनी कोण ते ठाऊकसुद्धा नव्हतं. मी त्याला सनी केला."

त्यानंतर एक चांगलं काम त्यानं केलं. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर तो उभा राहिला आणि सगळ्यांसमोर हे बोलला. सविताचं सुद्धा. म्हणाला, कुणी ओळखलं का म्हटलं तर नाव घेऊ नका. म्हणावं, तूच सांग तू कोण. सांगितलं तरी फोन ठेवा आणि आपल्याकडं आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः लावा. नाही लागला तर त्याच्या मित्राला, मालकाला, भावकीत कुणाला तरी लावा. घरी सांगू नका म्हणणारा आपला नसतो. घाई करणारा तर नसतोच. आता म्हणे मशीनवर हुबेहूब आवाजही काढतात, तेव्हा कानावर जाऊ नका.

मागून बहिरू म्हणाला, "धोंडीराम, मग बायकोचा फोन आला तरी आधार कार्ड मागायचं का?"

"माग. आणि जेवायला मिळालं नाही तर माझ्याकडं ये."

लोक हसले. धोंडीराम हसला नाही. लताबाई बायकांत मागं बसली होती. तिला यातलं किती ऐकू गेलं कोण जाणे. पण ती त्याच्याकडंच बघत होती.

एप्रिलातल्या एका रविवारी आम्ही ओट्यावर बसलो होतो, आणि ती आली. फोन हातात वाजत होता, वर सनीचं नाव आणि फोटो. धोंडीराम उठायला लागला. ती त्याच्या वाटेत पायरीवरच उभी राहिली.

"बसा भाऊ," ती म्हणाली. "पैसे गेले ते गेले, पत्रा काय गळत नाय माझा. पण चार महिने झाले, पोरगं काय बोलतं ते मला कळलं नाय. आजारी हाय का बरं हाय ते फोनमधल्या फोटोवरून तर दिसत नाय. तुम्ही एकदा चुकलात म्हणून मी माझ्या पोराला मुकायचं का?"

फोन वाजून थांबला. लगेच परत वाजायला लागला.

धोंडीरामनं हात धोतराला पुसला आणि पुढं केला. म्हणाला, "आणा इकडं. तो काय बोलतो ते एक शब्द न गाळता सांगीन, लताबाई. पण तो कोण आहे, ते मला परत कधी विचारू नका."