सरळ शिवलेला पायजमा

माझ्या मोठ्या जाऊबाई शिवणकाम करतात. त्यांच्या हाताखालून गेलेला कपडा कुणाच्याही अंगावर वेडावाकडा दिसत नाही. एक खांदा उतरता असो की पोट सुटलेलं असो, कापडात त्या असं काही सांभाळून घेतात की माणूस आरशात बघून स्वतःवरच खूश होतो. सगळे त्यांच्या या हाताचं कौतुक करतात. मला मात्र त्याचा अजून राग येतो.

त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. घरात तिला सगळे बटण म्हणतात, कारण तान्ही असताना ती मशीनशेजारी पडून बटणांच्या डब्याकडे बघत खिदळायची. तिला सगळं कळतं, थोडं बोलताही येतं, पण हातपाय तिचं ऐकत नाहीत. ते सदा ताठ. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम जाऊबाई रोज सकाळी करून घ्यायच्या. पाय फाकवायचे, ताणायचे, तसेच धरून ठेवायचे. बटण किंचाळायची. भाऊजी, म्हणजे तिचे वडील, पायात चपला सरकवून बाहेर पडायचे. जाऊबाईंना कुठे जाता येणार? पाय त्यांच्याच हातात असायचे.

मग आमच्या मोठ्या नणंदबाई क्रेनिओसेक्रल थेरपीचा कोर्स करून आल्या. एक हात पोरीच्या डोक्याखाली, दुसरा माकडहाडाखाली, आणि दाब म्हणाल तर नावालाही नाही.

"शरीरात एक लय असते गं वहिनी," त्या सांगायच्या. "हिची अडकलीय. ती मोकळी झाली की पाय आपोआप सुटतील."

लयीचं खरंखोटं मला माहीत नाही, पण त्यांच्या हाताखाली बटणच्या मुठी सैल पडायच्या आणि ती चक्क घोरायची. घरात शांतता म्हणजे काय ते आम्हाला तेव्हा कळलं. थोड्याच दिवसांत नणंदबाई म्हणाल्या, "तुझी ती ताणाताणी आता बंद कर. मी सोडवायचं आणि तू ओढायचं, असं कसं जमेल?"

जाऊबाईंचं मन घेत नव्हतं. पण भांडायचं तरी कुणाशी? नणंदबाई पोरीवर जीव टाकत होत्या. भाऊजी म्हणाले, "तिला रडवल्याशिवाय तुला चैन पडत नाही का?" चारही बाजूंनी मायेचीच माणसं, त्यामुळे बाहेर पडायला वाटच नव्हती. व्यायाम थांबले, दवाखाना लांबला, रात्री पायांना बांधायच्या पट्ट्या कपाटावर गेल्या.

बटणचे कपडे अर्थातच घरीच शिवले जायचे. डावा पाय आखूड पडतोय हे जाऊबाईंच्या हाताला कळलं, डोक्यापर्यंत पोचलं नाही. त्यांनी डावीकडचा काठ जरासा वर घेतला. पुढच्या पायजम्याला आणखी थोडा. कमरेशी तिरकं दिसू लागलं तर तिथे चुण्या घातल्या. दोन्ही काठ घोट्याशी अगदी बरोबर यायचे, आणि आम्ही म्हणायचो, पोरगी किती सुधारली बघा.

एकदा नवा पायजमा बेतायला त्यांनी जुना कागदी नमुना काढला, तो दोरीवरच्या पायजम्याला लावून पाहिला आणि डाव्या पायातली तूट टेपने पुन्हा पुन्हा मोजली.

"मी हिचं दुखणं शिवून झाकत होते गं," त्या मला म्हणाल्या.

कुणाला काही न सांगता त्यांनी दोन्ही पाय सारखे असलेला पायजमा शिवला, बटणला घातला आणि तिला बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसवलं. नणंदबाई आल्या. डावा काठ टाचेखाली लोळत होता. तो दुमडायला त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"वहिनी, हे कधीपासून?"

"आपण सगळे खूश होतो ना वन्सं, तेव्हापासून."

एक्स-रेत दिसलं की मांडीचं हाड खुब्यातून सरकत चाललंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, "व्यायामानं हे टळलंच असतं असं नाही. पण तुम्ही येत राहिला असता तर आधी कळलं असतं. आता ऑपरेशन करावं लागेल, आणि तोवर व्यायाम एकही दिवस चुकवू नका. हाड पूर्ण निसटलं तर हिला बसताही येणार नाही." नणंदबाई तिथेच रडल्या. जाऊबाईंना रडायलाही जमलं नाही.

आता सकाळी पुन्हा किंचाळ्या. नणंदबाई संध्याकाळी येतात. पोरीला बरं वाटतं ते कशाला काढून घ्यायचं, असं जाऊबाईच म्हणाल्या. जिन्यात नणंदबाईंची पावलं वाजली की बटण "आत्या" म्हणून हसते. आईची पावलं ओळखून मात्र हात लागायच्या आधीच आखडते.

परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, उद्यापासून व्यायाम मी घेते. तुम्ही तिला नुसतं मांडीवर घ्या."

त्यांनी टॉवेलची घडी केली.

"नको," म्हणाल्या. "घाबरायचंच आहे, तर घरातल्या एकाच माणसाला घाबरू दे."

आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.