अ‍ॅडजस्ट करा जरा

इंग्रजीतल्या एका शब्दाचा मला मनापासून राग आहे: अ‍ॅडजस्ट. मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते, म्हणून एकदा चिडून त्याचं मूळही शोधलं. फ्रेंचमधून आलेला, त्याआधी लॅटिनमधला. मूळ अर्थ एवढाच, की जवळ आणणं, शेजारी ठेवणं. न्याय्य या अर्थाचा ‘जस्ट’ लोकांना त्यात मागाहून दिसला. म्हणजे मुळात न्याय नव्हताच, नुसतं खेटून बसणं होतं! बरं, इंग्रज आपला चष्मा अ‍ॅडजस्ट करतो, खुर्ची करतो, घड्याळ करतो. आपण माणसं करतो, आणि तीही दुसऱ्याच्या घरातली.

आमची लालबागची खोली गणपतीत आमची राहत नाही. दर्शनाची रांग लांबलचक, म्हणून पार विरारपासूनचे नातेवाईक आधी आमच्याकडे टेकतात. चहा, बाथरूम, पिशव्या ठेवणं, सगळं इथेच. लहानपणी मला याची मजा वाटायची. यंदा मात्र कॉटवर बाबा होते. झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली होती, बोलणंही जवळजवळ बंद. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, की आता ते स्वतःहून कुशीवर वळले पाहिजेत, नाहीतर पाठीला जखमा होतील. रोज सकाळी आई आणि मी “वळा बाबा, वळा” म्हणत घसा कोरडा करायचो. बाबा छताकडे बघत राहायचे.

“यंदा कुणाला बोलवू नकोस,” असं मी आईला परोपरीने सांगितलं.

“गणपतीच्या पाहुण्याला दारातून परत पाठवू? लोक तोंडात शेण घालतील!”

गौरी गेल्या त्या संध्याकाळी आत्या आली, लेकी-सुनांसकट. खाली सतरंजी भरून गेली. आत्याचे गुडघे धरलेले, तिला जमिनीवर बसवत नाही. तिने कॉटकडे पाहिलं.

“अगो, भावाक जरा भिंतीकडे सरकव. मी कडेक बसतंय. अ‍ॅडजस्ट होतला.”

माझं डोकंच फिरलं. “नाही सरकवणार,” मी म्हटलं. “आजारी माणूस आहे तो आत्या, सामान नाही.”

आईने डोळे वटारले. आणि तेवढ्यात कॉट करकरली.

बाबांनी डाव्या हाताने खिडकीचा गज धरला होता. मान ताणून, दात आवळून ते स्वतःला ओढत होते. आम्ही पुढे होईपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळलेसुद्धा. पाठीमागे वीतभर जागा झाली.

“बस,” ते भिंतीकडे बघतच म्हणाले. आत्याला.

आई रडायला लागली. आत्याने “देव पावलो गो” म्हणून हात जोडले आणि त्या जागेत सावकाश टेकली. सगळ्यांना केवढा आनंद झाला होता! मला मात्र बाबांना गदागदा हलवून विचारायचं होतं, की आमच्यासाठी का नाही हो वळलात?