फक्त आमचीच पेटी

आधी माफी मागते. लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असं वाटत नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. घरी आम्ही मुसलमानी हिंदी बोलतो, गावात झाडीचं मराठी, आणि हे पुस्तकातलं मराठी मी शाळेत शिकले. शिवाय मी जे सांगणार आहे त्यात कोणी मेलं नाही. तिकडे मोठ्या शहरात बॉम्बनं माणसं मेली. इकडे आमच्या जंगलात सुरुंगानं मेली. त्यांच्यापुढे माझ्या अम्मीच्या बांगड्या फुटल्या हे काय सांगायचं? कित्येकदा लिहायला बसले आणि उठले. आता लिहिते.

अम्मी बांगड्या भरते. आलापल्लीहून पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आसपासच्या गावांत जाते. लग्नघरात नवरीचा हिरवा चुडा तिच्याच हातानं भरायचा, ही आमच्याकडची रीत. माझ्या आजीनं शीतलच्या आईचा चुडा भरला होता. शीतलचा अम्मीनं भरायचा, हे ती फ्रॉक घालायची तेव्हापासून ठरलेलं होतं. शीतल माझी मैत्रीण. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो.

तिचं लग्न ठरलं ते पोलिसातल्या मुलाशी. त्याची ड्युटी भामरागडकडे होती. हळदीच्या दिवशी अम्मी आणि मी गेलो. त्याच आठवड्यात शहरात गाड्यांमध्ये बॉम्ब फुटले होते. लग्नघरातही टीव्ही सुरूच होता. जळालेले डबे पुन्हा पुन्हा दाखवत होते.

अम्मी ओसरीवर पोतं अंथरून बसली. शीतलचा हात मांडीवर घेतला. बायका भोवती जमल्या. शीतल हात आखडून घेत होती.

"हात ढिला सोड ना व पोरी," अम्मी म्हणाली. "मी का पोलिस व्हय, तुले पकडाले?"

"पोलिस तं उद्या पकडन," तिची काकू म्हणाली. "मंग सुटका नाई."

सगळ्या हसल्या. शीतलही हसली. डावा हात भरून झाला. अम्मीनं उजवा हात घेतला, अंगठा आत दुमडला. तेवढ्यात शीतलचे मामा आले. मागे त्यांचे दोन मित्र.

"चुडीवाली बाई, पेटी दाखवा."

अम्मीला वाटलं, त्यांना कोणासाठी बांगड्या पाहायच्या आहेत. ती म्हणाली, "थांबा भाऊ, एवढा हात होऊ द्या."

"आताच दाखवा. नवरदेव पोलिसात हाये. टीवीवर पायलं नाई का काय चालू हाये ते? आमाले धोका नाई घ्याचा."

अम्मीला तरीही कळलं नाही. मला कळलं.

"भाऊ, हातानं काढा," अम्मी म्हणाली. "काच हाये."

एका मित्रानं पेटी उचलली आणि पोत्यावर पालथी केली.

तो आवाज मी कसा लिहू? पोतं होतं म्हणून काही वाचल्या. बाकीच्या फुटून अंगणभर गेल्या. हिरव्या, लाल. पेटीच्या तळाला अम्मीचं नमाजचं कापड असतं, घडी करून ठेवलेलं. ते बाहेर पडलं. मामांनी दोन बोटांत उचललं.

"हे काय होय?"

"नमाजचं कापड," अम्मी म्हणाली.

त्यांनी ते झटकलं. उलटंपालटं करून पाहिलं. मग काचांवर टाकून दिलं.

शीतलची काकू, जी आत्ता हसत होती, ती म्हणाली, "लग्नघरात काच फुटली व माय. अपशकुन केला हिनं."

हिनं. पेटी पालथी करणाऱ्यानं नाही. अम्मीनं.

मामा म्हणाले, "काई नाई निघालं. ठीक हाये. भरा आता चुडा."

मी उठले. मी कधी मोठ्या माणसांसमोर बोलले नव्हते. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही मी. तेव्हा बोलले. ओसरीच्या कोपऱ्यात पाहुण्यांच्या बॅगा, थैल्या, होल्डॉल रचून ठेवले होते. मंडपवाल्याच्या मोठाल्या पेट्या होत्या. मी तिकडे बोट केलं.

"धोका असन तं सगळ्यायच्या पेट्या खोला मामा. मंग अम्मी बसन."

"त्यायच्या काऊन खोलू? ते आपले लोकं व्हय."

"आमी कोनाचे होय मंग?"

मामांनी मित्राकडे पाहून हात उडवला. मित्र म्हणाला, "शिकून राह्यली ना पोरगी. बोलणारच."

मी अम्मीचा दंड धरला. चल म्हटलं. अम्मी उठली नाही. एक हात भरला की दुसरा रिकामा ठेवून उठायचं नाही, हा आमच्या धंद्यातला नियम. नवरीचा तर कधीच नाही. अम्मीनं फुटक्या काचांतून साबूत बांगड्या वेचल्या, पदरानं पुसल्या आणि शीतलचा उजवा हात भरला. अम्मीच्या बोटाला काच लागली होती. बांगडीला रक्त लागू नये म्हणून ती ते बोट दुमडून काम करत होती. चुडा झाल्यावर नेहमीसारखं तिनं शीतलच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. नेहमी लग्नघरची बाई तिच्या हातावर गूळ ठेवते. त्या दिवशी कोणी ठेवला नाही.

मी शीतलकडे पाहत होते. ती चुड्याकडे पाहत होती.

परतताना एसटी जंगलात थांबवली. दोन-चार दिवसांपूर्वी त्या बाजूला सुरुंग फुटला होता. पोलिसांनी सगळ्यांना उतरवलं. एका मास्तरांची सुटकेस उघडली, एका माडिया म्हाताऱ्याचं गाठोडं उघडलं, कंडक्टरची पत्र्याची पेटी, ड्रायव्हरचा जेवणाचा डबासुद्धा उघडला. तपासणारा शिपाई माझ्याच वयाचा असेल. काहीही उघडताना तो तोंड बाजूला फिरवत होता. आमची पाळी आली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. मी स्वतः कडी काढली.

"काच हाये का? हळू, हात कापन," तो म्हणाला. मग आत पाहून म्हणाला, "अरे, फुटल्या कशा बाई एवढ्या?"

"रस्त्यात, भाऊ," अम्मी म्हणाली. "गाडीनं हिसका देल्ला."

लग्नघराचं नाव तिनं घेतलं नाही.

त्या बसमध्ये मला पहिल्यांदा नीट समजलं. तो शिपाई घाबरला होता. खरा घाबरला होता. भीतीला प्रत्येक पेटी सारखीच दिसते. मामा घाबरलेले नव्हते. घाबरलेला माणूस जिच्यात बॉम्ब असेल अशी पेटी उचलून आपटतो का?

भीती मलाही वाटते. नंतर एकदा चंद्रपूरच्या स्टॅण्डवर बेवारस थैली दिसली आणि लोक पळाले, तेव्हा सगळ्यांत पुढे मी होते. एक चप्पल तिथेच राहिली. थैलीत वांगी निघाली. ज्यांनी गाड्यांत बॉम्ब ठेवले ते माझ्या धर्माचं नाव घेत होते म्हणतात. घरी जाणारी थकलेली माणसं त्यांनी मारली. त्यांना शिक्षा व्हावी असं मला वाटतं, आणि हे मी कोणाला खूश करायला लिहीत नाही. पण त्यांच्याबद्दल पहिला प्रश्न मलाच का? वर्गात, खानावळीत, बसमध्ये. "तुले काय वाटते त्या बॉम्बबद्दल?" शेजारच्या मुलीला कोणी विचारत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत अम्मीबरोबर फेरीला गेले. पहिल्याच दारात तिनं पेटी उतरवली आणि उंबऱ्याबाहेरच उघडली. कोणी सांगितलं नव्हतं. बांगड्यांच्या जुड्या बाजूला केल्या, तळ दाखवला. मग "चुड्या भरता का व बाई" म्हणून हाक दिली. प्रत्येक दारात तसंच. नमाजचं कापड पेटीत नव्हतं. ती आता घरीच ठेवते.

"अम्मी, ऐसा मत करो," मी म्हटलं.

"लोगां डरे हुए हैं, बेटी. देख लिए तो दिल हल्का होता उनका."

माझ्याकडे उत्तर होतं, पण ती पेटी बंद करून पुढे निघाली होती. मी मागून चालत रडले.

या सगळ्यात मी एका गोष्टीला धरून होते. शीतल त्या दिवशी मामांना घाबरली. नवरी मुलगी, घर भरलेलं, ती काय बोलणार? सासरी रुळली की निरोप पाठवेल. बाकी सगळे गेले तरी शीतल आहे, असं मी मनाला सांगत होते. वर्ष उलटून गेलं.

परवा हॉस्टेलच्या फोनवर भाईजानचा, माझ्या मोठ्या भावाचा, फोन आला. शीतल माहेरी आली आहे. सातवा महिना. आदल्या दिवशी तिचं ओटीभरण झालं. तेव्हाही हातात नव्या बांगड्या भरतात. अम्मीनं चांगल्या बांगड्या निवडून ठेवल्या होत्या. सकाळी आंघोळ करून, कपडे बदलून ती दारात बसली होती. जेवायलाही आत गेली नाही.

"बुलाए नहीं," भाईजान म्हणाला. "दुकान से मंगाए."

"मामांनी नाही म्हटलं असेल," मी म्हटलं.

तो म्हणाला, मामा आलेच नव्हते. शीतलच्या आईनं तर अम्मीला बोलवायला माणूस तयार केला होता. शीतलनंच अडवलं. तो माणूस आमच्या ओळखीचा, त्यानंच सांगितलं. ती म्हणाली, "नोको बोलावू व आई. त्या लोकायचं काई सांगता येत नाई."

माझ्या मागे मुली फोनसाठी रांगेत होत्या.

मग भाईजानला म्हटलं, अम्मीला सांग, उद्यापासून पेटी उंबऱ्याबाहेर उघडायची नाही. कोणी उघड म्हटलं तर घरी परत यायचं. अर्धा हात भरलेला असला तरी उठायचं. आणि शीतलसाठी काढलेल्या बांगड्या पहिली जी बाई हाक मारेल तिला भरून टाकायच्या.

तो म्हणाला, "अम्मी नहीं मानेगी."

मी म्हटलं, मी येते. आता प्रत्येक दारात मी तिच्या बाजूला उभी राहीन.