जपानी व्हॅन, त्र्यंबकची पूजा आणि हरसूलकडचं बारसं

हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावरून ताईला बारशाचं बोलावणं आलं आणि सहा महिने आमच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या जपानी व्हॅनला पहिल्यांदाच खरं काम मिळालं. तारीख पुढे ढकलता येत नव्हती, कारण आठवड्याभरात तिकडची घरं कुलपं लावून द्राक्षांच्या कामाला निघणार होती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. त्या भागातल्या आरोग्य उपकेंद्रात ती बरीच वर्षं नर्स होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या अंगावरून वारं गेलं आणि डावा पाय कामातून गेला. त्यानंतर एका लग्नात दोन कॅटरिंगवाल्यांनी तिला खुर्चीसकट उचलून स्टेजवर नेऊन ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर तिने जाहीर केलं, "यापुढे मला ज्या घरी उचलतील, त्या घरचं पाणी पिणार नाही." तेव्हापासून ती दवाखाना सोडून कुठेही गेली नव्हती. आग्रह करायची आमची हिंमत नव्हती.

यावर उपाय म्हणून तिच्या मुलाने, निखिलने, जपानमधली नोकरी संपवून परतताना ही व्हॅन सोबत आणली. कारण एकच, मधल्या रांगेतली डावीकडची सीट. बटण दाबलं की दार सरकतं, सीट बाहेरच्या बाजूला वळते आणि माणसाला घेऊन हळूहळू पार रस्त्यापर्यंत खाली उतरते. कुणी हात लावायचा नाही. कस्टम आणि आरटीओ या विषयांवर मी इथे लिहिणार नाही, वाचणाऱ्यांमध्ये आजारी माणसंही असतात. पुढे निखिलला बंगळुरात नोकरी लागली आणि गाडी मामाकडे, म्हणजे माझ्याकडे आली.

अशी गाडी घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं. ऑइल पातळ लागतं, पुस्तिकेत लिहिलंय तेच घाला, शेजाऱ्याचं ऐकू नका. टायरचा साइज दुकानात मिळत नाही, मागवून घ्यावा लागतो, तेव्हा गुळगुळीत होईपर्यंत थांबू नका. हायब्रिड बॅटरीला हवा जाण्यासाठी सीटखाली जाळी असते. तिच्यावर गोधडी टाकू नका आणि दर महिन्याला धूळ झटका. रेडिओवर आपली निम्मी स्टेशनं लागत नाहीत. गाडीतल्या जपानी नकाशाच्या मते मी गेले सहा महिने समुद्रात राहतो. गाडी सुरू केली की एक बाई जपानीत काहीतरी सांगते, त्यावर ताई "बरं" म्हणते.

मुख्य अडचण उंचीची. गाडी जमिनीला इतकी लागून की आमच्या कॉलनीच्या गतिरोधकावर पोट घासायचं. सातपूरच्या मेकॅनिकने स्प्रिंगखाली स्पेसर टाकून ती इंचभर वर उचलली. "इससे ज्यादा मत उठाना साहेब, मग सीट जमिनीला पोचायची नाही," असं तो म्हणाला. तरीही गतिरोधकावर तिरकं चढा. मागचे लोक हॉर्न वाजवतात, वाजवू द्या.

सकाळी आठला निघालो. हवेत छान गारवा होता. त्र्यंबकपर्यंतचा रस्ता चांगला, सुट्टीच्या दिवशी मात्र गर्दी. पोहे आणि चहा वाटेतच उरकून घ्या, मंदिराजवळ सगळं महाग पडतं. पेट्रोलही त्र्यंबकलाच भरून घ्या.

त्र्यंबकला थांबायचं कारण म्हणजे गाडीची पूजा राहिली होती. "बिनपूजेच्या गाडीतून मी घाट चढणार नाही," असं ताईने आधीच बजावलं होतं. आमच्या ओळखीचे एक गुरुजी पार्किंगमध्येच आले. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. मग त्यांनी विचारलं, "या गाडीत विशेष काय?" ताई उजव्या पायावर भार देऊन शेजारच्या खुर्चीवर सरकली आणि मी मोठ्या हौसेने रिकामी सीट बाहेर काढून दाखवली. गुरुजी प्रसन्न झाले. त्यांनी सीटला हळद-कुंकू वाहिलं, मूठभर ओल्या अक्षता टाकल्या आणि नारळ फोडायला टणक जागा शोधली. ती सीटच्या लोखंडी पायापाशी मिळाली. एका घावात नारळ फुटला, पाणी सीटच्या रुळांतून वाहिलं. सगळ्यांनी हात जोडले. मी त्यांचे आभारही मानले.

त्र्यंबकच्या पुढे रस्ता अरुंद होतो, वळणं सुरू होतात. समोरून जीप आली की तीच जाणार, आपण थांबायचं. भात कापून झालेलं होतं, खळ्यांवर नागलीची, म्हणजे नाचणीची, मळणी चालली होती. ताई खिडकीला नाक लावून बसली होती. "इथे पूर्वी नुसती पायवाट होती," "या वळणावर एकदा जीपमध्येच बाळंतपण केलंय," असं तिचं चाललेलं. दोन वर्षांत तिला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटलं आणि त्या नादात एका खड्ड्यात गाडीचं पोट घासलं.

बारा वाजता पाड्यावर पोचलो. हिराबाईचं अंगण सारवलेलं, पन्नासेक माणसं जमलेली. हिराबाईची मुलगी संगीता ताईच्या हातून जन्मलेली आणि आता संगीताच्या मुलीचं बारसं होतं. बाळाला पाळण्यात ताईनेच घालायचं, असं हिराबाईने ठरवून टाकलेलं. मी ऐटीत बटण दाबलं. दार सरकलं, बाई जपानीत बोलली, सीट वळली. लोक "आरारारा" म्हणाले. ताई गावाकडे तोंड करून बाहेर आली, जेमतेम चार बोटं खाली उतरली आणि "टक्" असा आवाज होऊन थांबली.

पुन्हा बटण दाबलं. काही नाही. वरही जाईना, खालीही येईना. ताईचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते आणि समोर अख्खा पाडा. मी वाकून पाहिलं तर रुळांमध्ये नारळाच्या पाण्यात भिजून वाळलेल्या अक्षतांचा थर बसला होता. निखिलला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, हाताने फिरवायचं हँडल असतं ना, डिकीत."

"ते खडखड वाजत होतं," मी म्हणालो. "म्हणून घरी काढून ठेवलंय."

हँडल गाडीतच ठेवा, वाजू द्या.

तेवढ्यात गावातली पोरं धावत आली. "हात लावू नका!" ताई ओरडली. पोरं जागच्या जागी थांबली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "गाडी फिरव. घरी जाऊ."

अशा लोंबकळत्या सीटवर घाट उतरता येणार नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण तिचा चेहरा बघून मिटलं. तिला रडू येत होतं. मलाही येत होतं. मीच हौसेने ती सीट गुरुजींना दाखवली होती.

हिराबाई पुढे आली. पन्नाशीची, काटक. "बाई, पोरं नाय लावत हात. आमी बाया उचलतो."

"कुणीच नको, हिरा. मला लाज वाटते."

"लाज?" हिराबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "संगीताच्या येळंला मी आडवी पडलेली, अंगावर लुगडं बी धड नवतं. तुमी काखेत हात घालून मला उठवलं, पाठीला टेकू देऊन बसल्या. आमाला नसंल वाटली लाज? या अंगनात अशा किती जनी हायेत, मोजून दाखवू?"

मागे उभ्या असलेल्या बायका हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "मला तर तुमी शिव्या बी दिल्या व्हत्या."

"तू जोरच करत नव्हतीस," ताई म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले. मग दोन वर्षांत न ऐकलेला तिचा उपकेंद्रातला आवाज निघाला. "हिरा, तू उजवीकडून ये. दोघी मांड्यांखाली हात घाला. कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका, नाहीतर उद्या तुम्हीच खाटेवर. माझ्या डाव्या हाताला ओढू नका. आणि ही कोण? संगीता? ओली बाळंतीण ना तू? खबरदार हात लावलास तर! मागे हो."

संगीता मागे झाली. बायकांनी ताईला उचललं आणि अंगणातल्या खुर्चीवर ठेवलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्या लगेच आपापल्या कामाला लागल्या. कुणीतरी तांब्या आणून दिला. ताई त्यातलं पाणी घटाघटा प्यायली.

मग तिने बाळाला झोळीच्या पाळण्यात घातलं. नाव आरोही ठेवलं. जेवायला नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा होता. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. जेवणानंतर दोन बायकांनी केसांतल्या पिना काढून रुळांतले तांदूळ कोरून काढले, मी ओल्या फडक्याने पुसून घेतलं आणि सीट सुरळीत चालू लागली. परतताना ताई सीटवर बसून, बटण दाबून थाटात आत गेली. लोकांनी ते दोनदा करून दाखवायला लावलं.

घरी आल्यावर रूळ टूथब्रशने धुतले, वाळवले, वंगण घातलं. हँडल डिकीत ठेवलं, ते वाजतं. पूजा करायचीच असेल तर बॉनेटवर करा आणि नारळ दगडावर फोडा. हरसूलला एका दिवसात जाऊन येता येतं. अंधार पडायच्या आत घाट उतरा.

पुढच्या रविवारी सकाळी ताई साडी नेसून, केस विंचरून तयार बसली होती. मी गाडीची किल्ली घेतली आणि कुठे जायचं विचारलं.

"गच्चीवर. ऊन खायला."

आमच्या इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच जाते. पुढचा एक जिना चढायचा असतो. ताईला गच्चीवर जायचं असेल, असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"किल्ली ठेव ती," ताई म्हणाली. "सोसायटीतल्या चौघींना हाक मार. कसं धरायचं ते मी सांगते त्यांना."